तारीख येत नाही आणि डोंगर सोडवत नाही

अचलपूर तालुक्यातल्या एका गावातून सत्तावीस वर्षांच्या वाचक-भगिनीचं पत्र आलं आहे. तिने अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. केलं आणि चार वर्षं एका शेतकरी उत्पादक कंपनीत महिला गटांसोबत काम केलं. उत्तर युगांडातल्या लिरा भागात शेतकरी गटांबरोबर दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करायला तिची निवड झाली. निवडीचं पत्र हातात पडलं तसा तिने मे महिन्यात राजीनामा दिला. जायची तारीख आधी जून होती, मग सप्टेंबर झाली, आता ‘फेब्रुवारीच्या आसपास’ असं कळवलंय.

या मधल्या काळात ती सायकलने चिखलदऱ्याचा घाट चढते, गाविलगडावर जाते, तळ्यात पोहते, मैत्रिणींबरोबर शेतावर मुक्काम टाकून चांदण्या बघते. “इतका आनंद मला कधीच झाला नव्हता आणि त्याचीच लाज वाटते,” असं ती लिहिते. शेजारची काकू रोज विचारते, “काऊन वो, तुयं इमान उडालंच नाही अजून?” आई म्हणते, “फुकटच काम करायचं हाय तं इथं का कमी गोरगरीब हायेत?” ती सायकल घेऊन गेली की परत येईपर्यंत आई दारातच बसलेली असते. वडील काही बोलत नाहीत, पण एक स्थळ येऊन गेलंय. तिचे प्रश्न तीन आहेत. फिरणं थांबवू का? पुन्हा नोकरी धरू का? आणि वाट पाहायची तरी किती? शेवटी लिहिलंय, “लहान बहीण समजून सांगा.”

---

लहान बहीण म्हणालीस, म्हणून ‘तू’ म्हणते.

तुझ्या पत्रात ‘लाज’ हा शब्द चार वेळा आलाय, ‘युगांडा’ दोनदा. म्हणून आधी लाजेचं बघू. समज, मे महिन्यातच तुला कळलं असतं की विमान फेब्रुवारीत आहे. तेव्हा हीच सायकल, हाच गड, हेच तळं असतं. तेव्हा तू काय म्हणाली असतीस? दोन वर्षं घरापासून लांब जाणार, तोवर आपला मुलूख डोळे भरून बघून घेते, असंच ना? काकूही म्हणाली असती, फिरून घे बाई. म्हणजे फिरणं तेच, दिवस तेच, फक्त तारीख माहीत नाही. तुला खुपतंय ते तारखेचं नसणं, आणि दोष मात्र तू सायकलीला देतेस.

पत्रात आणखी एक समज दडलेला आहे. सेवेला निघालेल्या माणसाने जाण्याआधीही हात जोडून, मान खाली घालून बसावं, असं तुला कुठेतरी वाटतंय. तसं नाही गं. दोन वर्षं परक्या मुलखात टिकतात ती आनंदाने जगायची सवय असलेली माणसं. आणि असं म्हणतानाही एक सांगते: घाट चढल्याने दम वाढतो, तंबूत झोपल्याने सवय होते, असे हिशेब मांडून आनंदाला उपयोगाचं प्रमाणपत्र चिकटवत बसू नकोस. घाटमाथ्यावर उन्हं येताना बरं वाटतं, एवढं कारण पुरे आहे.

आता तारखेबद्दल. ती का सरकते ते समजलं की अर्धा जीव खाली पडतो. अशा नेमणुकीत पाच-सहा हातांतून कागद जातो. तिकडच्या संस्थेने जागा पक्की करायची, निधी मंजूर व्हायचा, त्या देशाचा काम करायचा परवाना निघायचा, तुझी वैद्यकीय तपासणी मान्य व्हायची, पोलिसांचा दाखला जायचा, मग तिकीट. यातला एक जरी अडला तरी बाकीचे थांबतात आणि तुला कळवलं जातं एवढंच, की ‘थोडा उशीर आहे.’ म्हणून ‘कधी?’ हे विचारणं सोड. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, एकच मेल पाठव आणि त्यात तीन गोष्टी विचार: कागद सध्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणाकडे आहे? माझं निवडपत्र कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे? आणि उशिरामुळे वैद्यकीय तपासणी किंवा पोलीस दाखला पुन्हा करावा लागणार का? या तिन्हींना ‘लवकरच’ असं उत्तर देता येत नाही. दोन मेलना नेमकं उत्तर आलं नाही, तर फोनवर बोलायची वेळ मागून घे.

तू शेतीतली आहेस, म्हणून हेही बघ. उत्तर युगांडात साधारण डिसेंबर ते मार्च कोरडे महिने असतात आणि पेरण्या मार्च-एप्रिलच्या पावसावर सुरू होतात. जूनमध्ये पोचली असतीस तर उभ्या पिकात, घाईच्या दिवसांत गटांपुढे जाऊन उभी राहिली असतीस. फेब्रुवारीत पोचलीस तर जमीन तयार होताना, बियाणं निवडताना लोक बोलायला मोकळे सापडतील. सरकलेली तारीख तुझ्या कामाला बरीच आहे.

इथे इतर वाचकांसाठी दोन शब्द. निवडपत्र आलं म्हणजे निघालो, असं समजून राजीनामा देऊ नका. परवाना हाती येईपर्यंत नोकरी सोडायची नाही, आणि नोटिशीचा महिना संस्थेला आधीच सांगून ठेवायचा. दुसरं, खरी दीर्घ मुदतीची सेवा आणि पैसे भरून केलेली ‘सेवा-सहल’ यांतला फरक ओळखा. पहिल्या प्रकारात बहुधा प्रवास, विमा, राहणं आणि खाण्यापिण्यापुरता भत्ता संस्था देते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम असाच चालतो, त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे, आणि भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर तिथे पैसे मागत नाहीत. अमेरिकेची पीस कोअर ही सरकारी स्वयंसेवक संस्था फक्त त्यांच्याच नागरिकांसाठी आहे, त्या नावाने कोणी फॉर्म विकत असेल तर तो फसवतोय. कुणाच्या खासगी खात्यावर ‘प्रोसेसिंग’चे पैसे मागितले, किंवा ‘टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे बघू’ म्हटलं, तर तिथूनच मागे फिरा. पर्यटक म्हणून जाऊन काम करणं, बिनपगारी का असेना, बऱ्याच देशांत गुन्हा ठरतो.

आता कागदांचा क्रम. क्रम चुकला की तेच काम दोनदा करावं लागतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी पासपोर्ट उघड आणि संपायची तारीख बघ. दोन वर्षं राहणार आणि वर सहा महिने शिल्लक हवेत, म्हणजे निदान अडीच वर्षं हवीत. संपायला एक वर्ष राहिलं की नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्याआधीच तुझी मुदत कमी पडत असेल तर आजच संस्थेला कळव. नवा पासपोर्ट म्हणजे नवा क्रमांक, आणि व्हिसाच्या अर्जावर, लशीच्या पिवळ्या पुस्तिकेत, पोलीस दाखल्यावर तोच क्रमांक लागतो. म्हणून पासपोर्ट पहिला. नावाचं स्पेलिंग पदवीच्या प्रमाणपत्रावर एक आणि पासपोर्टवर दुसरं, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. वडिलांच्या नावाचं मधलं अक्षरसुद्धा जुळवून बघ. मग पदवी आणि अनुभवाची प्रमाणपत्रं साक्षांकित करून घे. त्यांना मुदत नसते, ती लवकर केलेली बरी. पोलीस दाखला मात्र घाईने काढू नकोस. तो पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच मागायचा असतो, चौकशी गावच्या ठाण्यातून होते, आणि अनेक ठिकाणी सहा महिन्यांपेक्षा जुना दाखला चालत नाही. संस्थेने ‘आता पाठव’ म्हटलं की अर्ज कर. नोकरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात राहिली असशील तर तिथला पत्ता लपवू नकोस, चौकशी तिकडेही जाते.

लशींचं वेळापत्रक मात्र आजपासून धर, कारण तिथे कॅलेंडर तुझ्या हातात नाही. युगांडात शिरताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतंच. ही लस सरकारने नेमलेल्या मोजक्या केंद्रांवर, आधी तारीख घेऊन मिळते. टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि 2016 सालापासून ते आयुष्यभर चालतं, म्हणजे डिसेंबरात टोचलीस तरी वाया काही जात नाही. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. मूळ पुस्तिका जपून ठेव. सुट्टीला घरी येतानाही ती लागेल, कारण पीतज्वराच्या देशातून प्रमाणपत्राविना आलेल्याला आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. ही जिवंत लस आहे. गोवरासारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर एकाच दिवशी, नाहीतर मध्ये चार आठवडे सोडून.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांवर असतात. आज सुरू केलंस तर दोन इथे होतील, तिसरा तिकडे, तसं संस्थेच्या डॉक्टरला आत्ताच कळवून ठेव. हिपॅटायटिस ए, टायफॉईड, धनुर्वाताचा बूस्टर आणि मेंदुज्वराची लस यांबद्दल त्यांनाच विचार. रेबीजची आगाऊ लस मात्र मागून घे. कुत्र्यांचं भय लिरात आहे तसंच घाटाखालच्या प्रत्येक गावात आहे, आणि सायकलस्वाराच्या पोटरीवर त्यांचा विशेष डोळा असतो. आगाऊ लस घेतली तरी चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि पुढचे डोस घ्यायचेच. ते चुकवायचे नाहीत.

आपल्या भागापुरतं आणखी एक. विदर्भात सिकलसेलचे वाहक बरेच आहेत आणि कित्येकांना ते माहीत नसतं. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, करून घे. जोडीला जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची तपासणीही कर, कारण हिवतापावरचं प्रायमाक्विन ते कमी असलेल्यांना त्रास देतं. सिकलसेलचा वाहक असलं म्हणजे हिवताप होत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. प्रतिबंधक गोळ्या आणि मच्छरदाणी दोन्ही लागतातच. आणि दाताच्या डॉक्टरकडे जाऊन ये. अक्कलदाढ दुखायला लागली तर लिराहून राजधानी कंपाला फार लांब पडते.

आता तुझ्या डोंगरांकडे येऊ. थांबव, असं मी म्हणणार नाही. पण दुखापतीची किंमत तारखेच्या मापाने मोजायला शीक. गळपट्टीचं हाड मोडलं तर सहा ते आठ आठवडे जातात. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर सहा ते नऊ महिने, आणि वैद्यकीय तपासणी नव्याने. खरचटणं, मुरगळणं दहा-पंधरा दिवसांत निवतं. म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत घाट उतर, गड चढ. त्यानंतरचे आठ आठवडे, जिथे पडलं तर हाड मोडतं असं काही करायचं नाही. वेगाने घाट उतरणं, खडकावरून पाण्यात उडी, दोर लावून चढणं, मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून रात्रीचा प्रवास, हे सगळं बंद. चढ चालेल. सायकलने वर जा आणि उतरताना सायकल एसटीच्या टपावर टाक, कंडक्टरला विचारून.

परतवाड्याहून चिखलदरा तीसेक किलोमीटर आणि चढ साधारण सातशे मीटरचा. माणसं पडतात ती बहुतेक उतारावर, आणि त्याचं कारण वेगाइतकंच ब्रेक दाबून धरणं हे असतं. साध्या सायकलला रिमवर घासणारे ब्रेक असतात. ते सलग दाबून ठेवले की रिम तापते, आतल्या ट्यूबमधली हवा फुगते आणि जुना पंक्चरचा पॅच नेमका वळणावर सुटतो. म्हणून वळणाच्या आधी, रस्ता सरळ असतानाच दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी कर, वळणात ब्रेक सोड, नजर चाकापुढे न ठेवता वळणाच्या शेवटाला ठेव. पुढचा ब्रेक एकटा जोरात दाबलास तर हँडलवरून पुढे जाशील, मागचा एकटा दाबलास तर चाक घसरेल. दर पाच-सहा किलोमीटरवर थांब आणि रिम गार होऊ दे. डिस्क ब्रेक असतील तर थांबल्यावर त्या चकतीला बोट लावू नकोस, फोड येतो. निघण्याआधी ब्रेक-शूमधल्या खाचा बघ. त्या झिजून सपाट झाल्या असतील तर नवे शू टाक, दोन-अडीचशेच्या आत काम होतं. मुठीजवळ जिथे केबल वळते तिथे एक जरी तार तुटून वर आली असेल तरी केबल बदल, उरलेल्या तारा घाटातच तुटतात. चाकात हवा टायरच्या कडेला छापलेल्या कमाल आकड्याच्या थोडी खाली ठेव. या दिवसांत सकाळी दवाने ओला झालेला पाचोळा, वळणावरची बारीक रेती आणि रस्त्यात बसलेली वानरं, तिन्ही घसरवतात. वानरांजवळून जाताना घंटी वाजवू नकोस, ती बिचकून नेमकी पुढ्यात उडी मारतात. हळू हो आणि त्यांना जाऊ दे.

जंगलाचे नियम तुझ्यासाठी दुहेरी महत्त्वाचे आहेत. 1973-74 मध्ये देशात जे पहिले व्याघ्र प्रकल्प सुरू झाले त्यांत मेळघाट होता, आणि त्याच्या गाभा क्षेत्रात परवानगीशिवाय पायी शिरणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. ‘आपलाच मुलूख, कोण विचारतं’ म्हणून आडवाटेने नदीत उतरलीस आणि वनरक्षकाने नाव लिहून घेतलं, तर तीच नोंद तुझ्या पोलीस दाखल्याच्या आड येऊ शकते. एका दुपारच्या पोहण्यापायी दोन वर्षं पणाला लावू नकोस. वन खात्याच्या ठरलेल्या वाटांवर, गाइड घेऊन जा. जंगलातल्या रस्त्यावर सूर्य उगवल्यावर शिरायचं आणि मावळायच्या आत बाहेर यायचं. वाघापेक्षा अस्वल जास्त धोक्याचं, कारण ते झुडपात गुंग असतं आणि जवळ गेल्यावरच त्याला कळतं. म्हणून तिघी-चौघी मिळून बोलत चाला. गडाच्या तटावर आग्या मोहोळ असतं. अत्तर, धूर, दगड मारणं, आरडाओरडा, सगळं वर्ज्य. माश्या उठल्याच तर तोंड ओढणीने झाकून सरळ पळत सुटायचं, हात झटकायचे नाहीत.

गवतात बसायची तुझी आवड कळली, पण या महिन्यांत जरा जपून. 2018 मध्ये विदर्भात स्क्रब टायफसने बरीच माणसं दगावली. गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो. चावल्याचं कळतही नाही, आणि एक-दोन आठवड्यांनी कडक ताप येतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते. तो टाळायला पूर्ण बाह्या घालायच्या, पायजमा मोज्यात खोचायचा, बसायला ताडपत्री न्यायची, घरी आल्यावर साबणाने अंघोळ करायची आणि कपडे लगेच धुवायला टाकायचे. ताप आला तर डॉक्टरला ‘मी गवतात बसले होते’ हे आपणहून सांगायचं. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. रात्री शेतावर झोपता तेव्हा खाली खाट हवी आणि भोवती मच्छरदाणी नीट खोचलेली. मण्यार रात्री फिरते आणि बहुधा जमिनीवर झोपलेल्याला चावते, तेही फारसं दुखत नाही. चावा दिसो न दिसो, पहाटे पोट दुखणं, पापण्या जड होणं हे मण्यारीचं लक्षण समजून 108 ला फोन करायचा. फोनला रेंज कुठे येते ती जागा मुक्कामाआधीच शोधून ठेवा.

आणि पोहून घे! पट्टीच्या कुणाबरोबर, ओळखीच्या पाण्यात, पण मन भरेस्तोवर पोहून घे. युगांडातल्या तळ्या-नद्यांत बिलहार्झिया नावाचा कृमी असतो. तो पाण्यातल्या गोगलगायींतून येतो आणि भिजलेल्या कातडीतूनच शरीरात शिरतो. तिथल्या गोड्या पाण्यात पाय सोडून बसायचंही नाही. आपल्या विदर्भाच्या पाण्यात ते भय नाही. तुझी ही हौस इथेच फेडावी लागणार आहे.

नोकरीचं. पूर्ण वेळेची नोकरी आता धरू नकोस. तीन महिन्यांत सोडावी लागली तर त्या लोकांवर अन्याय, आणि नाही सोडवली तर तुझ्यावर. पण आठवड्याचे दोन दिवस पैशाचं काही काम जरूर घे. पिकांचे सर्व्हे, गटांची हिशेब-तपासणी, प्रशिक्षणाला मदतनीस, अशी कामं तुझ्या ओळखीत मिळतील. मे महिन्यापासून साठवणीतून खर्च चाललाय आणि लाज त्यातूनही येते, हे लिहिलं नाहीस तरी कळतं. पीएफ काढू नकोस, खातं तसंच राहू दे. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर संपला असणार, तो आधी बघ. बँकेतला वर्षाला वीस रुपयांचा अपघात विमा चालू आहे का तेही तपास.

उरलेल्या दिवसांत शिकायला मात्र भरपूर आहे, आणि ते सगळं तुझ्या पंचक्रोशीत आहे. युगांडातला कापूस आपल्यासारखा बीटी नाही. आपल्याकडे बीटी 2002 साली आला. त्याआधी हिरव्या बोंडअळीला लोक कसे तोंड देत होते, हे साठी ओलांडलेल्या कास्तकारांना विचार. तूर किती ओळींवर लावायचे, अळ्या वेचायला कोण जायचं, फवारणी कधी चुकायची, सगळं वहीत लिहून घे. मक्यावरची लष्करी अळी आफ्रिकेत 2016 मध्ये दिसली आणि आपल्याकडे 2018 मध्ये. पोंग्यातली अळी हाताने दाखवता आली पाहिजे, नुसती चित्रात नको. भुईमुगाच्या शेंगा ओल्या पोत्यात भरल्या की बुरशी धरते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, हे तुला पुस्तकात येऊन गेलंय. आता शेंगा ताडपत्रीवर वाळवून, दाण्यात सात-आठ टक्के ओल राहिली की शेंग कानाशी हलवल्यावर कशी खुळखुळते, तो आवाज ओळखायला शीक.

बचत गट तुला पाठ आहेत, असं तू समजतेस. तिथेच घसरशील. आपला गट पैसा साठवत जातो, बँकेशी जोडला जातो, कर्ज घेतो. आफ्रिकेतल्या गावांत वेगळी रीत आहे, ती 1991 मध्ये नायजरमधून सुरू झाली. पैसे एका पेटीत, पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन जणींकडे आणि पेटी चौथीच्या घरी. चौघी एकत्र आल्याशिवाय पेटी उघडत नाही. दर बैठकीला प्रत्येकीने एक ते पाच ‘शेअर’ घ्यायचे, पासबुकात तेवढे शिक्के मारायचे, आणि वर्ष संपलं की सगळी रक्कम व्याजासकट वाटून पेटी रिकामी करायची. ‘अरे, मग बँकेत का नाही ठेवत?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी तुझ्या तोंडून निघाला तर बाया गप्प होतील. इथल्या दोन-तीन गटांत सचिव म्हणून नको, मागच्या सतरंजीवर बसून ये. लिराकडे लांगो भाषा बोलतात. नमस्कार, आभार, एक ते दहा आकडे आणि ‘पुन्हा सांगा’ एवढं तरी पाठ करून जा. हेल्मेटही इथूनच ने, मापाचं. तिकडच्या भाड्याच्या मोटरसायकली, बोडा-बोडा म्हणतात त्या, अनेक संस्था स्वयंसेवकांना वापरू देत नाहीत. पण कधी ना कधी बसावं लागतंच.

राहिला आईचा प्रश्न. इथे का कमी गोरगरीब आहेत? याला उलट उत्तर नाही गं, कारण ती खरं बोलते. धारणीकडची कुपोषणाची गावं तुझ्या घरापासून बसने अर्ध्या दिवसावर आहेत. वरोऱ्याचं आनंदवन, हेमलकसा, गडचिरोलीचं शोधग्राम, सेवाग्राम, ही सगळी विदर्भाचीच नावं आहेत. तिकडची सेवा मोठी आणि इथली किरकोळ, असं काही मनात असेल तर ते काढून टाक. पण आईचं वाक्य खरं आहे म्हणून तुझं जाणं खोटं ठरत नाही. तू चार वर्षं इथल्याच गटांत काम केलंस, आणि दोन वर्षांनी इथेच परत येणार आहेस. आईला ते कदाचित तू कधी शब्दांत सांगितलेलं नाहीस.

आणि वाट किती पाहायची, ते संस्थेवर सोडू नकोस, आपण ठरव. मला विचारशील तर 31 मार्च. त्या दिवशी परवाना हातात नसेल तर संस्थेला नम्रपणे कळवायचं की मी दुसरं काम स्वीकारते आहे, जागा पक्की झाली तर पुन्हा बोलू. खरिपाआधी दोन महिने मिळतात, आपल्या भागातल्या एखाद्या संस्थेत रुजू व्हायला ते पुरतात. त्यासाठी अर्ज मात्र जानेवारीतच करून ठेव आणि त्यांना युगांडाचं स्पष्ट सांग. ही तारीख वडिलांनाही सांग. स्थळाचं त्यांना ‘आता नको’ म्हणण्यापेक्षा ‘मार्चअखेर बोलू’ म्हणालीस तर चार लोकांत सांगायला त्यांच्याजवळ काहीतरी राहील. काकूलाही हेच उत्तर पुरेल.

आई दारात बसते, त्याचंही करता येण्यासारखं आहे. निघताना एका चिठ्ठीवर रस्ता, बरोबर कोण, परतायची वेळ आणि ‘या वेळेपर्यंत आले नाही तर यांना फोन कर’ असा एक नंबर लिहून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून जा. सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी ये, नंतर कधीच नको. आणि एखाद्या रविवारी सायकल घरी ठेव, आईला सकाळच्या एसटीने चिखलदऱ्याला ने. खिडकीची जागा तिला दे. घाटात कोणत्या वळणावर तू थांबतेस, रिम गार होईपर्यंत कुठल्या दगडावर बसतेस, ते तिला बोटाने दाखव.